लोड्झ पॅरिसपेक्षा मोठं

वलगाव,
२ जुलै १९६१

प्रिय इनायत,

उन्हाळ्यात बाळापूरला येतो म्हणून सांगितले होते, आलो नाही. दुर्गाबाईचा गुडघा सुजला आणि सुट्टी घरातच गेली. आता रागावून झाले असेल तर पुढे वाच, कारण माझे एक काम तुझ्या सतरंजीच्या मागाशिवाय होणार नाही.

वर्तमानपत्रात सध्या जेरुसलेमच्या खटल्याच्या बातम्या येतात. मागच्या महायुद्धात जर्मनीच्या नाझी सरकारने युरोपातले ज्यू लोक गावोगाव शोधून काढले, रेल्वेत कोंबून छावण्यांत नेले आणि मारले. त्या गाड्यांची व्यवस्था लावणाऱ्या एका अधिकाऱ्यावर हा खटला आहे. पहिल्या तासाला मी सातवीला बातम्या वाचून दाखवतो. साठ लाख माणसे मारली, असे वाचले. शेजारच्या बुधाजीची नात गोदा माझ्या वर्गात आहे. ती म्हणाली, "गुरुजी, साठ लाख म्हंजे किती?"

मी भिंतीवरच्या नकाशापाशी गेलो आणि हाताने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा झाकले. म्हटले, "या चार जिल्ह्यांतली सगळी माणसं मोज, पाळण्यातली लेकरंसुद्धा. तरी साठ लाख भरत नाहीत." मग तीच पोरगी म्हणते, "मंग त्या लोकायची गावं कुठी होती?"

इनायत, आकडा ऐकला की विसरतो; जागेवर बोट ठेवले की ती राहते. पण बोट कुठे ठेवू? शाळेतला युरोपचा नकाशा फार जुना आहे आणि त्यातला स्पेन उंदरांनी खाल्ला आहे. म्हणून पोरांना वर बसता येईल असा युरोप मला सतरंजीवर हवा आहे. बारा हात लांब, नऊ हात रुंद. समुद्र निळा, जमीन मातकट, गावे पांढऱ्या सुताची. अक्षरे नकोत. देशांच्या सीमाही नकोत, त्या सारख्या सरकत होत्या. रेल्वे विणू नको. काळे सूत मोकळेच पाठव, पोरे अंथरतील. चौकटी आखलेला कागद सोबत आहे. एक चौकट म्हणजे एक वीत.

आमचे हेडमास्तर महादेवराव म्हणतात, हा विषय अभ्यासक्रमात नाही. फार विनवल्यावर एक पाठ घ्यायची परवानगी मिळाली, तीही शिक्षण खात्याच्या डेप्युटी साहेबांच्या तपासणीत. साहेबांचा शेरा चांगला आला तर ठीक. वाईट आला तर नकाशे कपाटात, आणि मी पुस्तक उघडून वाचून दाखवायचे. मला शिकवण्याचे हे एकच कसब येते रे. ते गेले तर नोकरीची उरलेली आठ-नऊ वर्षे नुसती हजेरी घेत काढावी लागतील.

तुझा,
जानराव

·

बाळापूर,
१६ जुलै १९६१

जानराव मास्तर,

सलाम. दुर्गावहिनीच्या गुडघ्याले एरंडाचं पान गरम करून बांध. राग गेला नाही, पण काम घेतलं.

तुया कागद मागापुढं टांगला. घरवाली रजियाबीनं पाह्यला आन् म्हणे, "हे काय सांडलं?" मी म्हटलं, युरोप होय. म्हणे, "पुसून तरी घ्याचा होता."

तीस वर्सं झाली, मी पट्टे इणले, मोर इणले, लग्नाच्या सतरंज्या इणल्या. पण असा वाकडातिकडा नमुना जिंदगीत नाही आला. आन् पयल्याच हप्त्यात गंमत झाली. तुले माहीत आहे, रुंद मागावर दोघं बसतात. डावीकडं मी, उजवीकडं भाऊ शफी. आमची रीतच अशी, का डावीकडं जे फूल येईन तेच उजवीकडं आलं पायजे. नाही तं गिऱ्हाईक म्हणते, कारागीर झोपला होता काय? मी डाव्या हाताले इंग्लंड इणलं. शफीनं माह्याकडं पाह्यलं आन् त्यानं बी गुपचूप उजवीकडं एक इंग्लंड इणलं. समुद्रासकट! तुया कागद पाह्यला तं तिथं रशिया. मी ओरडलो. तो म्हणे, "भाईजान, एकच ठेवलं तं सतरंजी लंगडी दिसन." दोन दिवस उसवण्यात गेले.

आता माही एक अडचण. पांढरे ठिपके सत्तावीस आहेत. पण तिथं कोण राहे, ते तू लिहिलंच नाही. कोणाची सतरंजी इणून राहिलो, हे ठाऊक असलं का माहा हात चालते. नुसत्या ठिपक्यावर सूत दाबाचा पंजा ठोकाले मन घेत नाही. गावं सांग, गावातले लोक सांग. घाई नको करू. बिस्मिल्ला म्हणून उभ्या सुताचा ताणा घातला आहे, काम सुटणार नाही.

इनायतुल्ला

·

वलगाव,
६ ऑगस्ट १९६१

प्रिय इनायत,

तुझ्या पत्राने मला शिकवले. मी पोरांना ती माणसे कशी मेली ते सांगायला निघालो होतो. कशी जगत होती ते मलाच माहीत नव्हते. तीन रविवार अमरावतीच्या वाचनालयात बसलो. इंग्रजी माझे बेताचे, पण ग्रंथपाल सूर्यभानजी भला माणूस. तो वाचतो, मी लिहितो.

तर ऐक. हॉलंडातल्या ॲम्स्टरडॅमला ज्यू लोक हिऱ्यांना पैलू पाडत. व्हिएन्नाला डॉक्टर होते, वाजंत्री होते. व्हिल्ना नावाच्या गावात इतकी पुस्तके, की चांभारही संध्याकाळी वाचत बसे. ग्रीसमधले सलोनिका हे मोठे बंदर. तिथले हमाल आणि नावाडी बहुतेक ज्यू. शनिवार हा त्यांच्या देवाचा विसाव्याचा वार, म्हणून एके काळी शनिवारी ते अख्खे बंदर बंद राही. जहाजे येऊन उभी, आणि सामान उतरवायला कोणी नाही! पोलंडात लोड्झ म्हणून शहर आहे. तिथे दोन लाखांवर ज्यू, आणि त्यांतले कितीतरी तुझ्यासारखे. माग चालवणारे, सूत रंगवणारे, कपडे शिवणारे. सगळ्या सत्तावीस गावांची यादी सोबत आहे.

तयारी म्हणून वर्गाला आधी आपल्याच वलगावचा नकाशा काढायला सांगितला. गोवर्धन म्हणून एक पोरगा छान काढतो. नदी, देऊळ, मशीद, बाजार, पाटलाची विहीर, सगळे नेमके. मी विचारले, "आमची वस्ती कुठं आहे?" त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तिथवर कागद नाही पुरला."

त्याच्या मनात काही नव्हते. मी त्याला दुसरा कागद दिला आणि पहिल्याला जोडायला लावला. पाच वर्षांपूर्वी नागपूरला आम्ही दीक्षा घेतली तेव्हा वाटले होते, आता या गोष्टी आपोआप सुटतील. काही सुटल्या. काहींना दुसरा कागद जोडावा लागतो. संध्याकाळी वंदनेला बसलो तेव्हा हेच मनात होते. मन जड नव्हते. काम समजले असे वाटले.

जानराव

·

बाळापूर,
२८ ऑगस्ट १९६१

जानराव,

सतरंजी झाली. शेजारणीच्या जावयाचा ट्रक अमरावतीले सरकी घेऊन चालला, त्याच्यावर पाठवतो. काळं सूत आतमंदी गुंडाळलं आहे.

एक गोष्ट तू उघडल्यावर पाहशीनच, म्हणून आधीच सांगतो. लोड्झ मोठं झालं. तू दोन बोटं सांगितलं होतं, मी वीतभर इणलं. पॅरिसपेक्षा मोठं झालं. शफीले यादी वाचून दाखवली तं तो म्हणे, "आपल्या बिरादरीचं गाव आन् इतकुसं?" मले बी ते पटलं. तिथं लाल, हिरवं, पिवळं सूत टाकलं आहे, बाजाराच्या दिवशी रंगाऱ्याच्या अंगणात दिसते तसं. बाकी गावं तू म्हणतो तशी पांढरी.

तू चिडशीन. चीड. उसवाले मात्र सांगू नको, शफी ऐकणार नाही.

इनायतुल्ला

·

वलगाव,
१० सप्टेंबर १९६१

प्रिय इनायत,

सतरंजी उघडली आणि मी जमिनीवरच बसलो. असा निळा समुद्र मी पाहिला नाही, आणि खरा तर मुळीच पाहिला नाही. पण लोड्झ! अरे, मी पोरांना वर्षभर प्रमाण शिकवतो. एक इंच म्हणजे इतके मैल, एक रेघ इकडची तिकडे नको. आणि माझ्याच नकाशात एक गाव मिरवणुकीला निघाल्यासारखे! साहेबांच्या नजरेला पहिले तेच पडणार. दोन दिवस तुला मनात शिव्या दिल्या.

पण याहून मोठी चूक माझी आहे. काल पाठाची तालीम घेतली. एकेका गावावर एकेक पोर बसवले. काळे सूत रेल्वेसारखे गावापर्यंत आले, की त्या पोराने उठून कोपऱ्यात जायचे, असे ठरवले होते. पहिली दोन पोरे नीट गेली. मग खेळ झाला रे! "याचं गेलं! आता तुयं!" करून एकमेकांना ढकलू लागले. हसू, आरडाओरडा. एक लहान पोरगी मात्र कोपऱ्यात गेली आणि खरेच रडू लागली. हसणारी पोरे आणि रडणारी पोरगी, दोन्हींचा दोष माझा. अशा गोष्टीचे नाटक करायचे नसते, हे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळले. आता काय करावे ते सुचत नाही.

आणि साहेब कोण, तेही ऐक. नवे आले आहेत, शा. दा. झिराडकर. आडनावावरून कोकणातले. महादेवराव म्हणतात, "शामराव दामोदर असतील. कोकणस्थ ब्राह्मण." तपासणी शनिवारी सोळाला ठरली होती. चपराशी निरोप घेऊन आला, साहेब शनिवारी कुठेच जात नाहीत. महादेवराव म्हणाले, "मारुतीचे भक्त!" मग आम्ही वीस तारीख कळवली. उत्तर आले, त्या दिवशी साहेबांचा कडक उपास असतो, पाणीसुद्धा घेत नाहीत. महादेवरावांनी पंचांग उघडले. वीसला एकादशी! त्यांनी कपाळाला हात लावला. "जानराव, निर्जळी एकादशीवाला माणूस! सोवळ्यातला. तुमचा हा परदेशी विषय, वरून मुसलमानाच्या हातची सतरंजी. काय लिहील हो तो?" आता तीन ऑक्टोबर, मंगळवार, ठरला आहे. साहेबांना जेवायला बिनकांद्याचे करायचे म्हणून महादेवरावांच्या घरी आतापासून खल चालू आहे.

मला खरेच धास्ती वाटते.

जानराव

·

बाळापूर,
१७ सप्टेंबर १९६१

जानराव,

उपाश्या माणसाले काहून भेतो? उपाशी माणूस देवाले भेते, तो तुले काय करन?

पाठाचं सांगतो. तुयं पत्र रजियाबीले वाचून दाखवलं. तिनं सूत गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "भाईले म्हणा, पोरायले उठवूच नका." मी म्हटलं, म्हंजे? म्हणे, "उठवाचं काम त्या जालिमायनं केलं. मास्तरनं बी तेच करावं काय? आपल्यात माणूस गेला का आपण काय बोलतो? तो असा होता, तसा होता, कढी अशी पिये, असं बोले. जागा धरून ठेवतो आपण त्याची."

मले याच्यापेक्षा जास्त अक्कल नाही. लोड्झबद्दल साहेबानं इचारलं तं माहं नाव सांग.

इनायतुल्ला

·

वलगाव,
५ ऑक्टोबर १९६१

प्रिय इनायत,

हे पत्र एकट्याने वाचू नको. रजियावहिनी आणि शफीला जवळ बसव.

मंगळवारी अकराला साहेब आले. सडपातळ, काळी टोपी, काखेत छत्री, वय माझ्याएवढे. बोलणे अगदी थोडे. महादेवरावांनी वर्गाच्या मागच्या टोकाला दोन खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे दोघे बसले.

मी वहिनीचे ऐकले. सत्तावीस पोरे सत्तावीस गावांवर बसली. एकेकाने आपल्या गावाचे सांगितले. इथे कोण राहत होते, काय काम करत होते. घाईने नाही, आपल्या आजोळचे सांगावे तसे. मग दोघांनी काळे सूत अंथरले. पॅरिसहून, ॲम्स्टरडॅमहून, सगळे फाटे पोलंडातल्या छावण्यांकडे. सलोनिकाचे सूत सर्वांत लांब. मी म्हटले, "बडनेऱ्याहून बसलात तर दिल्ली ओलांडून कितीतरी पुढं. जनावरांच्या डब्यात, आठवडाभर." गोवर्धन म्हणाला, "गुरुजी, मधातले ठेसनमास्तर काय करत होते?" मी सांगितले, "गाड्या वेळेवर सोडत होते."

सूत अंथरून झाले. कोणी उठले नाही. मी म्हटले, "ज्यानं त्यानं आपली जागा धरून ठेवायची." दोन मिनिटे पोरे आपापल्या गावावर बसून राहिली. कोणी हसले नाही, कोणी रडले नाही.

मग साहेब बोलले. "या नकाशात सर्वांत मोठं शहर कोणतं?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "लोड्झ!"

"पॅरिसपेक्षा?"

"हो साहेब," गोवर्धन म्हणाला. "तिथं इणकर राहत. आन् सतरंजी इणणारे बी इणकरच आहेत, बाळापूरचे. त्यायनं आपल्या लोकायले जागा जास्त देल्ली."

साहेबांचा चेहरा हलला. मला वाटले चिडले. ते हसत होते! महादेवराव भीतभीतच हसले, पण एक क्षण उशिरा.

मग साहेब सलोनिकावर बसलेल्या गोदाकडे वळले. "बाळ, तुझं बंदर शनिवारी का बंद असायचं?"

"साहेब, तिथले हमाल ज्यू होते. शनवार त्यायच्या देवाचा वार. त्या दिवशी ते काम नाही करत." इथे तिने थांबायचे होते. पण तिच्या डोक्यात काहीतरी जुळले आणि ती म्हणाली, "तुमी बी तं शनवारी नाही येत!"

"अवं, चूप बैस!" महादेवराव खुर्चीतून अर्धे उठले. इनायत, खरे सांगतो, शेरा, नोकरी, कपाट, सगळे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले.

साहेबांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "तिला बोलू द्या. बरोबर ओळखलंस, बाळ. त्याच कारणानं मी येत नाही."

कोणाला काही कळेना. साहेबांनी बूट काढले, सतरंजीवर आले आणि गोदाजवळ मांडी घालून बसले. "माझं नाव शालोम दानियल. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यूच, पण कोकणातले. आमचे वाडवडील किती शतकांपूर्वी आले कोण जाणे. तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. मी घरी मराठी बोलतो, प्रार्थना मात्र हिब्रूत." मग म्हणाले, "ही माझी रक्ताची माणसं म्हणता येतील की नाही, ठाऊक नाही. पण खटल्याच्या बातम्या मी घरात कुणासमोर वाचू शकलो नाही. इतकी माणसं त्यांची जागा धरून बसलेली आज पाहिली."

महादेवराव माझ्या कानाशी पुटपुटले, "आणि ती एकादशी?" साहेबांनी ऐकले. म्हणाले, "क्षमा मागायचा उपास असतो आमचा, वर्षातून एकदा. यंदा तुमच्या एकादशीला आला एवढंच."

पण गोदाचे समाधान कुठले! "साहेब, मंग तुमचं गाव याच्यात कुठी आहे? तुमाले कोनं उठवलं?"

"आम्हाला कुणी नाही उठवलं, बाळ. आणि माझं गाव या सतरंजीत नाही. ती अलीकडेच संपली."

झाले! पोरे उठली आणि विती मोजायला लागली. प्रमाण मीच शिकवलेले. समुद्र संपला, सतरंजी संपली, तरी जमिनीवरून मोजत आग्नेयेला चालली. आणि मोजणी थांबली ती थेट महादेवरावांच्या खुर्चीखाली. गोवर्धन हात जोडून म्हणाला, "सर, जरा उठता काय? तुमच्या खाली साहेबायचं गाव आहे." महादेवराव उठले, खुर्ची स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि त्या जागेला नमस्कार केला! अरे, साहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आले. सगळे हसण्याचेच होते असे म्हणणार नाही.

जेवणाच्या पानावर बिनकांद्याची वांगी, वरण, भात, लोणकढे तूप. साहेब आनंदाने जेवले आणि हात धुताना मला हळूच विचारले, "इकडे मासळी मिळत नाही का हो?"

शेरा जसाच्या तसा उतरवतो. 'पाठ उत्कृष्ट. नकाशातील लोड्झ शहर प्रमाणाबाहेर आहे. ते तसेच राहू द्यावे. हा पाठ इतर शाळांतही व्हावा.' खाली सही. डिसेंबरात धारणीला शिक्षकांचे शिबिर आहे. साहेब मला आणि सतरंजीला जीपमधून नेणार आहेत. महादेवराव आता भेटेल त्याला सांगतात, ही कल्पना शाळेची.

मी घरी येऊन दिवा लावला आणि वंदना म्हटली. सर्व प्राणी सुखी होवोत, हे रोजच म्हणतो. त्या दिवशी म्हणताना सत्तावीस गावे एकामागून एक आठवली.

साहेब तुझा पत्ता घेऊन गेले आहेत. का, ते सांगितले नाही.

जानराव

·

बाळापूर,
२४ ऑक्टोबर १९६१

जानराव,

तुयं पत्र तिघांनी तीनदा वाचलं. रजियाबी म्हणे, मी सांगतलेलं कोनी मास्तर ऐकते, हे पयल्यांदा पाह्यलं.

आता माहं ऐक. दोन इतवार झाले, सकाळी दाराशी एक छत्रीवाला उभा. "इनायतुल्ला आपणच का?" मी समजलो कोनी वसुलीवाला. नाव सांगतलं तवा शफी मागावरून उतरून आला आन् पयली गोष्ट काय बोलावी? "लोड्झ मीच मोठं केलं, साहेब." साहेबानं त्याले गळ्याशी लावलं.

त्यायले सतरंजीले जोडाले एक पट्टी पायजे. कोकणची. शिवून टाकता येईन अशी. मी म्हटलं, नमुना द्या. तं त्यायनं खिशातून कागद नाही काढला. मागाजवळ बसले आन् तोंडानं सांगाले लागले. हे झिराड, हा समुद्र, हे आमचं घर, हा घाणा. बाजूले कोण? कोळी. त्याच्या बाजूले? मुसलमान नावाडी, ईदीले शेवया पाठवे. पलीकडं कुणब्याचं घर, त्याची म्हातारी साहेबाच्या आईची मैतरीण. देऊळ. चिंच. वड. शाळा. एक सांगतलं का दुसरं आठवे. मधात नमाजची वेळ झाली, मी उठलो. परत आलो तं ते एक बारकी पोथी काढून आपलं म्हणत बसले होते, अक्षरं मराठी, बोल दुसरेच. आमचं दोघायचं संगंच आटोपलं.

रजियाबीनं नदीचे मासे आणवले होते. साहेबानं वाळलेल्या भाकरीनं ताट बी पुसून खाल्लं. शफी घराघराले येगळा रंग देत गेला. दुपार कलली तं म्हणे, "साहेब, गावात जागा उरली नाही, आन् तुमी आणखी पाच घरं सांगून राहिले." मी म्हटलं, काही घरं सोडून देऊ. साहेब म्हणे, "कोणतं सोडू? तुम्हीच सांगा."

कोणतंच सोडता नाही आलं. मंग काय, ताणा वाढवला. चार हाताची पट्टी ठरली होती, सात हात झाली आन् अजून साहेबाचं कार्ड येते, 'विहिरीजवळच्या सोनाराचं राहिलं.' आठवतील तितकी घालू. तुया वर्गात आता हे मावणार नाही. दार उघडं ठेव, आन् पोरायले व्हरांड्यात बसव.

कोण कोणत्या घरावर बसलं ते लिहजो. शफी इचारून राहिला.

तुया,
इनायतुल्ला